३२ जणांना घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात चालायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला असा समजला: ठाण्याचा तुमचा ट्रेकिंग क्लब दर नाताळच्या सुट्टीत सह्याद्रीत तीन दिवसांचा ट्रेक करतो, आणि यंदा जैसलमेरजवळ थरच्या वाळवंटात चालायचं घाटतंय. ३२ जण आहेत. सगळ्यात लहान मुलगा ११ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या तुमच्या आई, ६६ वर्षांच्या. रोज १८ किलोमीटर चालायचा बेत आहे. माणशी पाणी किती न्यायचं, वाळूत वाट कशी शोधायची आणि आईंना न्यावं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी गेली १७ वर्षं हिवाळ्यात तिकडे गट घेऊन जातो. त्याआधी वीसेक वर्षं फक्त सह्याद्रीतच भटकलो. त्यामुळे तुमच्या क्लबच्या सवयी मला चांगल्या ठाऊक आहेत, आणि पाण्याचा हिशेब मांडण्याआधी मला त्या सवयींबद्दलच बोलायचंय. सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकर वाळवंटात दमाने कमी पडत नाहीत. ते एकमेकांपासून सुटतात आणि पाणी कमी पितात. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून निघाल्या, आणि या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे.

सह्याद्रीत पायवाट गटाला धरून ठेवते. राजमाचीला जा नाहीतर नाणेघाट चढा, सगळे एकामागे एक चालतात. चुकायचं तर फाट्यावरच, म्हणून आपण फाट्यावर थांबतो. वाळवंटात पायवाटच नसते. मऊ वाळूत पाय रुतायला लागले की जो तो स्वतःपुरता घट्ट पट्टा शोधतो. कोणी डावीकडून जातो, कोणी धोऱ्याच्या माथ्यावरून. धोरा म्हणजे वाळूची टेकडी, तिकडचा शब्द आहे आणि तुम्हीही तोच वापरा, उंटवाल्यांशी बोलणं सोपं होतं. अर्ध्या तासात तुमचे ३२ जण तीन-चारशे मीटर रुंदीत पसरलेले असतात. सगळं उघडं दिसतंय म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. पण आठ-दहा मीटर उंचीचा एक धोरा मध्ये आला की पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि हाक, शिट्टीसुद्धा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

माझ्या चौथ्या वर्षी २६ जणांचा गट होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या चहाला मोजलं तर २५ भरले. कॉलेजातली एक मुलगी लघवीसाठी एका धोऱ्यामागे गेली होती. परत निघाली ती धोऱ्याच्या भलत्याच बाजूला उतरली. समोर पावलांचे ठसे दिसले म्हणून त्यांच्यामागे गेली, पण ते शेळ्या घेऊन गेलेल्या गुराख्याचे होते. आम्ही चारी दिशांना माणसं पाठवायला निघालो, तर आमच्या म्हाताऱ्या उंटवाल्यानं सगळ्यांना जागेवर उभं केलं. आणखी ठसे उमटवू नका म्हणाला. तिच्या बुटाचा तळवा कसा होता ते मैत्रिणीला विचारून घेतलं आणि एकटा माग काढत गेला. तिकडे पावलांचा माग काढणाऱ्यांना पागी म्हणतात, आणि सीमेवर त्यांच्या या विद्येचा उपयोग अजूनही होतो. सव्वा तासानं, दीड किलोमीटरवर ती सापडली, तेव्हा सूर्य टेकत आला होता. तिच्या जवळची बाटली रिकामी होती. सकाळपासून ती जेमतेम लिटरभर पाणी प्यायली होती. का, असं विचारल्यावर म्हणाली, आडोसा नव्हता, सारखं जायला लागू नये म्हणून प्यायले नाही.

दोष माझा होता. ना काउंटची पद्धत ठरवली होती, ना आडोशाची सोय. त्या संध्याकाळी इतर मुलींना आणि बायकांना विचारलं तेव्हा कळलं की जवळजवळ सगळ्याच कमी पाणी पीत होत्या. दोघींचं डोकं दुखत होतं आणि एकीच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. मी पुरेसं पाणी नेलं होतं, ते तळावर तसंच शिल्लक होतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आडोशापासून सुरू होतं. दर विसाव्याला थांबलात की आधी मोठ्यानं सांगा: चालण्याच्या दिशेनं उजवीकडचा धोरा बायकांचा, डावीकडचा पुरुषांचा. एकटं कोणी जायचं नाही. दोघी जायच्या, एकीनं धोऱ्याच्या माथ्याच्या अलीकडे, गटाला दिसेल अशी थांबायचं. सपाट मैदान असेल तर उंटांवर एक उभा तंबू ठेवा. चार काठ्या आणि कापड, पाच मिनिटांत उभा राहतो. हे पहिल्या दिवशी सकाळी, सगळ्यांसमोर, न लाजता बोला. क्लबमधल्या एखाद्या जाणत्या बाईनं बोलावं, म्हणजे बाकीच्या मोकळ्या होतात. तुम्ही कितीही जार नेलेत तरी ही सोय नसेल तर अर्धा गट तहानलेला चालेल.

आता हिशेब. डिसेंबरअखेर तिकडे दुपारी साधारण २२ ते २६ अंश असतं. घाम येतो, पण हवा इतकी कोरडी की तो अंगावर टिकतच नाही. आपण सह्याद्रीत घामानं भिजलेल्या शर्टावरून अंदाज बांधतो, इथे शर्ट कोरडाच राहतो. त्यात सकाळी थंडी असल्यानं तहान लागत नाही. म्हणून पाणी घड्याळावर प्यायचं. मी दर अर्ध्या तासाला सगळ्यांना थांबवून दोन-चार घोट प्यायला लावतो. चालताना अडीच ते तीन लिटर आणि तळावर सकाळ-संध्याकाळ मिळून एक ते दीड, म्हणजे पिण्याचं माणशी चार लिटर धरा. स्वयंपाक, चहा, भांडी, हात-तोंड यांना आणखी चार. तुम्ही ३२ आणि उंटवाले, स्वयंपाकी, गाडीवाला मिळून सहा, असे ३८ जण. रोजचे ३०४ लिटर झाले. त्यावर मी नेहमी पाचवा हिस्सा राखीव धरतो, कारण एखादा जार फुटतो किंवा गाडी उशिरा येते. म्हणजे दिवसाला २० लिटरचे १९ जार. हे सगळं उंटांवर नेऊ नका. तळाचं पाणी गाडीनं मुक्कामी पोचवा, आणि चालताना सोबत एका उंटावर दोन जार राखीव ठेवा.

हे आकडे बदलू शकतात. वारा जोराचा असेल किंवा एखादा दिवस जास्त तापला तर पिण्याचं पाणी माणशी लिटरभर वाढवा. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. लिंबू-साखर-मिठाचं सरबत किंवा ओआरएस दुपारच्या विसाव्याला सगळ्यांना द्या. आणि वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. तिकडे बऱ्याच ठिकाणी जमिनीखालचं पाणी खारं आहे. गोडं पाणी म्हणजे बेरी, ही अरुंद, खोल, पाझराच्या पाण्याची विहीर, किंवा टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं बंद टाकं. ते त्या वस्तीचं वर्षभराचं पाणी असतं. प्यायला मागितलं तर कोणी नाही म्हणणार नाही, तुम्हाला खाट टाकून बसवतील. पण ३२ जणांनी तिथे बाटल्या भरून घेणं, हात-पाय धुणं हे मला पटत नाही. आमच्या गटांना मी ते करू देत नाही.

वाट शोधण्याबद्दल. स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका, हे पहिलं. पण वाटाड्या एक आणि माणसं ३२, म्हणून गटाची स्वतःची शिस्त लागतेच. मी चार गोष्टी पाळतो. प्रत्येकाला निघतानाच कायमचा क्रमांक द्यायचा आणि दर थांब्यावर काउंट त्या क्रमांकानंच घ्यायचा. डोकी मोजू नका, कारण उंटवालाही त्यात मोजला जातो. ३२ जणांचे १६-१६ चे दोन गट करायचे, प्रत्येकाला पुढे लीड आणि मागे टेल, दोन्ही गट एकमेकांना दिसतील एवढ्याच अंतरावर. लीडनं प्रत्येक मोठ्या धोऱ्याच्या माथ्यावर थांबायचं आणि टेल दिसल्याशिवाय पलीकडे उतरायचं नाही. यानं वेग कमी होतो. पुढचे तरुण कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्या. चौथी गोष्ट चुकलेल्या माणसासाठी: चालत राहायचं नाही, जवळच्या उंच धोऱ्याच्या माथ्यावर बसायचं आणि भडक रंगाचं कापड फडकवायचं. म्हणून प्रत्येकाकडे केशरी किंवा लाल पंचा हवा. आपल्याच ठशांवरून परत येऊ, हा भरवसा धरू नका. वारा सुटला की तासाभरात ठसे पुसट होतात.

वाळू वाचायलाही थोडं शिका. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू लांब, कमी उताराची आणि बरीच घट्ट असते. आडोशाकडची बाजू तीव्र असते, सुमारे ३३ अंशांची, आणि तिथली वाळू सैल. त्या बाजूनं चढणं म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. चढताना लांबचा वळसा घ्या आणि पुढच्याच्या पावलावर पाऊल टाका. तिथे वाळू थोडी दबलेली असते, शिवाय गट आपोआप रांगेत राहतो. आणि सगळं वाळवंट वाळूचं असेल असं समजू नका. जैसलमेरच्या आसपास बराचसा भाग खडकाळ, खड्यांचा माळ आहे, वर खुरटी झुडपं. तिथे तुम्ही सह्याद्रीच्या वेगानं चालाल. मऊ वाळूत मात्र तासाला दोन-अडीच किलोमीटरच्या वर जात नाही.

यावरून तुमचे १८ किलोमीटर मला जास्त वाटतात. दिवस किती छोटा आहे ते बघा. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आणि थोडं पश्चिमेला आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ३२ जणांचा नाश्ता, आवराआवर होऊन निघायला साडेआठ होतात. दुपारी दोन तास जेवण आणि विसावा. साडेचारला तळावर पोचलंच पाहिजे, कारण सूर्य गेल्यावर थंडी झपाट्यानं पडते. हातात राहतात सहा तास, त्यातला एक काउंट, पाणी आणि आडोशात जातो. ११ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या आई असलेल्या गटानं १० ते १२ किलोमीटर धरावेत. फक्त तरुणांचा गट असता तर १५ म्हणालो असतो.

आता जागा आणि तारखा. नाताळ ते ३१ डिसेंबर हा जैसलमेरच्या सगळ्यात मोठ्या गर्दीचा आठवडा. सम गावाजवळचे धोरे शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहेत, आणि त्या दिवसांत तिथे रात्री मोठ्यानं गाणी आणि दिवसभर जीपगाड्या धोऱ्यांवरून उड्या मारत असतात. माथ्यापलीकडून येणारी जीप चालणाऱ्याला दिसत नाही. चालणाऱ्या गटानं समचे पर्यटकांचे धोरे सरळ टाळावेत. नैऋत्येला खुरीकडचा भाग त्या मानानं शांत आहे. तुमच्या सुट्ट्या बदलता येत असतील तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या. बदलणं शक्य नसेल तर २७ तारखेच्या आत परत फिरा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ३२ तिकिटं एका गाडीत मिळाली नाहीत तर निम्म्यांनी जोधपूरमार्गे यावं, तिथून जैसलमेर रेल्वेनं पाच-सहा तासांवर आहे.

परवानग्या मात्र वाटाड्यावर सोडून देऊ नका. हा सीमेवरचा जिल्हा आहे, काही भागांत बाहेरच्या माणसाला जिल्हा प्रशासनाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. तुमचा मार्ग गावांच्या नावांनिशी लिहून आधी विचारून घ्या आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ड्रोन नेऊ नका. परदेशातून आलेला एखादा सदस्य सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण आणतो. ते परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि सीमेजवळ तर मोठाच घोळ होईल. घरीच ठेवायला सांगा. शिवाय तिथे ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे, त्यात शिरायला वन विभागाची परवानगी लागते. ते आपल्या माळढोकाचं घर आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला जो पक्षी आता अपवादानंच दिसतो, तो तिथे अजून तग धरून आहे. तो दिसला तर जिथे आहात तिथेच उभे राहा, जवळ जाऊन फोटो काढायचा मोह आवरा. जगात हे पक्षी फार थोडे उरलेत, आणि त्यांना एकदा उठवणंही मला नको वाटतं.

झाडांचंही तसंच. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिच्या शेंगांची सांगरी तुम्ही तिकडे जेवणात खाल. गावोगावी ओरण असतात, आपल्या देवरायांसारखी देवाच्या नावानं राखलेली रानं. तिथे काटकीही तोडत नाहीत. शेकोटीचं लाकूड विकत घ्या, नाहीतर शेकोटी करू नका.

सामानात माझा सगळ्यात जास्त आग्रह अंथरुणासाठी असतो. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याखालीही. सह्याद्रीतली पातळ स्लीपिंग बॅग पुरत नाही, आणि थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालच्या वाळूतून लागते. दोन मॅट एकावर एक टाका. तंबू दोन धोऱ्यांमधल्या खोलगट जागेत लावू नका, थंड हवा तिथेच साचते. थोडी उंच आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा बघा. गावातून रजया भाड्यानं मिळतात, मुलांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी त्या घ्याच.

लोकरीचे मोजे आणि फ्लीसच्या पँट चालताना नकोत. भुरट नावाचं एक गवत आहे, त्याची काटेरी बोंडं लोकरीत अशी अडकतात की काढता काढता बोटं रक्ताळतात. गुळगुळीत कापडाची पँट, बुटावरून गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि नडगी झाकणारं कापडी आवरण, आणि प्रत्येक चार जणांत एक चिमटा. वाळू मऊ दिसते म्हणून मुलं अनवाणी पळतात. भुरट आणि वेड्या बाभळीचे काटे आहेत, पळू देऊ नका. फुरसं, तो छोटा विषारी साप, तिकडेही आहे. थंडीत ते कमी हिंडतं, तरी सकाळी बूट झटकून घालायचे आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. एक गाडी कायम तळाच्या जवळ, इंधन भरून, जैसलमेरच्या रुग्णालयाकडे निघायला तयार असावी. एका वर्षी ज्यांना गाडीचं काम दिलं होतं, त्यांनी ती मधल्या दिवशी दुसऱ्या पाहुण्यांना नेली. तेव्हापासून मी गाडीचे अर्धे पैसे शेवटच्या दिवशीच देतो.

सरावासाठी जायच्या आधी दोनदा केळव्याच्या किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूवर चालून उपयोग नाही, ती रस्त्यासारखी घट्ट असते. भरतीच्या रेषेच्या वर, सुरूंच्या बाजूची कोरडी वाळू धरा आणि पाठीवर सॅक घेऊन पाच किलोमीटर चाला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर काय म्हणते बघा. ज्यांना तिथे त्रास होईल, त्यांना जैसलमेरला नक्की होईल.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: रोज १० ते १२ किलोमीटर, माणशी आठ लिटर आणि वर राखीव, दोन गट, ठरलेल्या क्रमांकानं काउंट, माथ्यावर थांबायचं, आडोशाची सोय पहिल्या तासापासून, आणि सम टाळून शांत भाग.

आईंबद्दल. न्या, असंच मी म्हणेन, पण काही गोष्टी बघून. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती लघवी वाढवणारी आहे का हे डॉक्टरांना विचारा, कारण तसं असेल तर त्यांच्या पाण्याचं आणि मिठाचं गणित वेगळं होतं, आणि ते मी नाही, डॉक्टरांनीच सांगायचं. गुडघ्यांना वाळू त्रास देत नाही, उलट उतरताना बरं वाटतं. दमतात त्या पोटऱ्या. त्यांनी सकाळचे दोन तास चालावं, तेव्हा ऊन कोवळं असतं आणि वाळूही थंड असते. नंतर उंटावर बसवायचं ठरवत असाल तर सलग तासाभरापेक्षा जास्त नको, कंबर आणि मांड्या धरतात. त्यापेक्षा उंटगाडा ठरवा. वर गादी टाकलेली असते, पाय पसरून बसता येतं, आणि धोऱ्यांच्या कडेनं जाऊन तो दुपारच्या विसाव्याला तुमच्या आधी पोचतो. त्यात ११ वर्षांच्या मुलासाठीही जागा ठेवा. तो पहिल्या दिवशी बसणार नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून येऊन बसेल.